गोल दिव्याची गाडी

दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी कोल्हापुरातून गारगोटीला जाते. आई आणि आबा तिथं असतात. कळंबा मागे टाकायचं, बिद्रीवरून मुदाळ तिट्ट्याला यायचं आणि तिथून गारगोटी, असा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. सतरा वर्षं तो मी स्कूटरवर काढला. पण हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांत स्कूटरची लहान चाकं अशी आपटायची, की घरी पोचल्यावर अर्धा तास पाठ टेकून पडावं लागायचं. 2025च्या मे महिन्यात मी ठरवलं, आता मोठ्या चाकांची मोटारसायकल घ्यायची.

आणि घ्यायची तर जुन्या घाटणीची. गोल दिवा, गोलाकार टाकी, पाठ ताठ ठेवून बसता येईल असं हँडल. ही आवड कुठून आली ते मला नीट ठाऊक आहे. आबा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी, तोडीचं नियोजन यासाठी ते बुलेटवरून गावोगाव फिरायचे. सकाळी ती चालू करायची त्यांची रीत मी पायरीवर बसून बघायची. किक हळूहळू दाबत न्यायची, दिव्याच्या घरावरच्या अँमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारी, छोटी कळ ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे सरकवायचा, कळ सोडायची आणि मग एकच पूर्ण किक. घाई केली की किक उलटी यायची आणि पोटरी सुजायची. आज मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दाब आणि आकारमान यांचा संबंध सांगताना अजून तोच पायरीवरचा प्रसंग डोळ्यांपुढे येतो.

त्यामुळे पहिला विचार साहजिकच आला, की अगदी तशीच जुनी बुलेट शोधावी. बिडाच्या इंजिनाची, गिअरबॉक्स वेगळा असलेली, उजव्या पायाने गिअर टाकायची.

आबांना सांगितलं. त्यांचं वय 78. पडवीत खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "जुनी घेऊ नको."

मला धक्काच बसला. म्हटलं, "आबा, तुम्ही पंचवीस वर्षं ती चालवली. एकदाही तुम्ही वाटेत अडकल्याचं मला आठवत नाही."

"दर रविवारी मी तिच्यापाशी दोन तास बसायचो, ते आठवतंय का?"

ते आठवत होतं. पोतं अंथरून त्यावर पाने मांडलेले असायचे. पॉईंटवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, गॅप बघायची, टॅपेट बघायचे, कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकायचा, चेन रॉकेलने धुऊन तेल द्यायचं. आबा म्हणाले, "त्या वेळची कुठलीही गाडी अशीच होती. रविवार दिला नसता तर सोमवारी कुठंतरी बांधावर ढकलत बसलो असतो. तुला रविवारी पेपर तपासायचे असतात. तुला किती वेळ देता येईल ते आधी ठरव, मग गाडी बघ."

पुढच्या पाच महिन्यांत मी जे काही केलं ते या एका वाक्यामुळे. तोपर्यंत मी 'भरवशाची गाडी कोणती' असं विचारत होते. त्यानंतर 'माझ्याच्याने जिची निगा होईल अशी गाडी कोणती' असं विचारू लागले.

जुन्या गाडीच्या विरोधात आणखी एक गोष्ट होती. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरातले वॉशर, लोखंडी टाकी हे सगळं बिनमिश्र पेट्रोलसाठी केलेलं. इथेनॉल ओलावा धरतं, महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरू शकतो, रबर फुगतं किंवा कडक होतं. ज्या उसाच्या नोंदी आबांनी आयुष्यभर घेतल्या, त्याच उसाच्या मळीचं इथेनॉल आता त्यांच्या लाडक्या गाडीला मानवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. शिवाय 15 वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर. हौस असेल आणि वेळ असेल तर हे सगळं करावं. मी अशी माणसं बघितली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दर शनिवारी आईची औषधं घेऊन पोचायचं असेल तर नाही.

मग मधला मार्ग म्हणून दहा-बारा वर्षं जुनी, पण रूप तेच असलेली एक गाडी बघायला गेले. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण झालं त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता. आबांनी निघताना सांगितलं होतं, "आधी इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर तसाच पाय मागं घे." मालकाने फोनवर सांगितलं होतं की गाडी आठवडाभर बाहेर काढलेली नाही. मी पोचले तेव्हा ती धुऊन-पुसून अंगणात उभी होती. मी बोलत बोलत सिलिंडरच्या पात्यांजवळ तळहात नेला. चांगलीच ऊब होती. म्हणजे थंड इंजिन एका बटणात चालू होत नव्हतं, म्हणून मी यायच्या आधी ते तापवून ठेवलं होतं. मी काही बोलले नाही. पर्समधून मल्टिमीटर काढला (तो प्रयोगशाळेतला नाही, माझा स्वतःचा आहे) आणि सीटखालच्या बॅटरीवर लावला. नुकती चाललेली गाडी असूनही 12.1 व्होल्ट. चांगली बॅटरी स्वस्थ असताना 12.6च्या आसपास असायला हवी. चालू केल्यावर आकडा 14च्या जवळ जायला हवा, तो 13ला अडकला. म्हणजे चार्जिंगमध्येही खोट. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला तर बँकेचा बोजाही उतरलेला नव्हता. मालक म्हणत होता, "आज इसार द्या, कागद मागनं करू." नाव बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, बोजा उतरवायला 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचा दाखला लागतो, हे व्यवहार झाल्यावर कळतं. मी चहा घेतला, आभार मानले आणि परत आले.

यानंतर मी शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे गेले. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. लेथ, फाउंड्री, गॅरेज यांच्या त्या गल्ल्यांमध्ये ऑईल इंजिनाच्या काळापासूनची हातांची माहिती साठलेली आहे. हे मिस्त्री सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या बघतात. जुन्या रूपाच्या नव्या गाड्यांची माझी यादी मी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, यातली कोणती घेऊ? ते म्हणाले, "मॅडम, असं विचारलं की मी माझ्या आवडीची सांगणार. त्यापेक्षा दोन-तीन दिवस दुपारचं हितं बसा. काय काय येतंय बघा."

जूनमध्ये मी चार दुपारी तिथं एका रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसून काढल्या. आयुष्यातला फार चांगला वेळ गेला माझा. पहिल्या दिवशी मी वहीत कोणत्या कंपनीच्या किती गाड्या आल्या ते मांडत होते. मिस्त्रींनी वहीत डोकावलं. म्हणाले, "हे काय उपयोगाचं न्हाई. रस्त्यावर ज्या जास्त, त्याच हितं जास्त येणार. कशासाठी आली आणि किती दिवस पडून ऱ्हायली, ते ल्ह्या." मी वर्गात मुलांना नेमकं हेच सांगत असते, की नुसता आकडा घेऊ नका, कशाच्या प्रमाणात ते बघा. आणि इथं मीच विसरले होते.

मग नव्याने लिहायला घेतलं. बहुतेक गाड्या ज्या कामांना येतात ती कामं साधी असतात. क्लच वायर तुटलेली, चेन-स्प्रॉकेट झिजलेलं, ब्रेक पॅड संपलेले, हँडलचा कोनसेट खडखडणारा, पुढच्या फोर्कचं ऑइल सील गळणारं, बॅटरी बसलेली. इंजिन उघडायला आलेली गाडी चार दिवसांत एकच होती, आणि तिच्या मालकाने ऑइलच बघितलं नव्हतं. मिस्त्रींनी तिचा खालचा नट काढला तेव्हा काळं, पातळ, जेमतेम वाटीभर तेल पडलं. त्यांनी ते दोन बोटांत चोळून माझ्यापुढे धरलं. बोटांवर चमचमणारी चुरी होती. "हे बेअरिंगचं आहे," ते म्हणाले, आणि बराच वेळ बोट पुसत राहिले.

पण पडून राहिलेल्या गाड्या वेगळ्याच कारणाने पडून होत्या. कोपऱ्यात एक देखणी गोल दिव्याची गाडी कापडाखाली झाकलेली होती. साईड स्टँडवरून कलंडली, क्लचचा लिव्हर आणि त्यामागचा स्विच मोडला, एवढंच. पण तो सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. दुसरी एक सेन्सरसाठी थांबलेली. गाडीत दोष नव्हता, पण भाग नव्हता. मालकाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, गाडी दारात नाही.

तिथून मी स्पेअर पार्टच्या दोन दुकानांत गेले आणि यादीतल्या प्रत्येक गाडीसाठी सहा वस्तू आहेत का ते विचारलं: क्लच वायर, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, चेन-स्प्रॉकेट किट, डावा लिव्हर, मागचा इंडिकेटर. काही गाड्यांच्या सहाच्या सहा वस्तू काउंटरवर आल्या. काहींच्या दोन आल्या आणि बाकीच्यांना "सांगून ठेवा" असं उत्तर मिळालं. हाच प्रश्न मी पुढच्या शनिवारी गारगोटीतही विचारला. माझ्या यादीतली निम्मी नावं तिथंच गळली. मला वाटतं, गाडी घेणाऱ्याने शोरूमच्या आधी या काउंटरवर जावं.

आता यादीबद्दल. जुन्या रूपाच्या नव्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच आहेत, पण आत त्या एकमेकींपासून खूप वेगळ्या आहेत. रॉयल एन्फिल्डची क्लासिक 350 पहिल्यांदा 2009मध्ये आली आणि 2021मध्ये नव्या इंजिनासह आली. हे नवं इंजिन 349 सीसीचं, त्याचा बोअर 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक 85.8. म्हणजे पिस्टनचा प्रवास त्याच्या व्यासापेक्षा लांब. अशा इंजिनाला कमी फेऱ्यांत जोर मिळतो. मिनिटाला 4,000 फेऱ्यांना 27 न्यूटन-मीटर जोर. आधीच्या इंजिनात व्हॉल्व्ह हलवायला लांब पुशरॉड होते, आता व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वरच आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅलन्सर शाफ्ट बसवला आहे. एकाच सिलिंडरचा जड पिस्टन वर-खाली होताना जो हादरा देतो, त्याच्या विरुद्ध दिशेला फिरणारं वजन तो हादरा बराचसा खाऊन टाकतं. हादरा कमी झाला की नट सैल होत नाहीत, बल्ब जात नाहीत, तारांची जोडणी टिकते. माणसाच्या मनगटाला मिळणारा आराम हा वरचा फायदा.

होंडाची हाइनेस सीबी350 सप्टेंबर 2020मध्ये आली. तिचं इंजिनही 348 सीसीचं, स्ट्रोक 90.5 मिलिमीटर, 3,000 फेऱ्यांनाच 30 न्यूटन-मीटर. वजन 181 किलो, टाकी 15 लिटरची, क्लच लोण्यासारखा हलका. खरं सांगायचं तर चालवायला मला तीच सगळ्यात गोड वाटली. जावा 42ची सीट सगळ्यांत बुटकी. माझी उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे दोन्ही तळवे पूर्ण टेकले. तिचं इंजिन पाण्याने थंड होणारं. चाकणला बजाजच्या कारखान्यात होणारी ट्रायम्फ स्पीड 400 तर 398 सीसीची, 40 हॉर्सपॉवरची, माझ्या गरजेच्या दुप्पट ताकदीची.

पाण्याने थंड होणारं इंजिन म्हणजे नाजूक, असं मी म्हणत नाही. उलट तापमान ते जास्त नेमकं सांभाळतं. पण रेडिएटर, पंप, पंखा, नळ्या, कूलंट हे सगळं आलं की बघायच्या जागा वाढतात, आणि आबांनी मला माझा वेळ मोजायला सांगितला होता. मला हवेने आणि ऑइलने थंड होणारं, 20 हॉर्सपॉवरचं इंजिन पुरेसं होतं. गारगोटीच्या रस्त्यावर ताशी साठ-सत्तरच्या पुढे मला जायचंच नाही.

दोन गोष्टींवर मी बराच काळ अडून बसले. पहिली चाकं. जुन्या रूपाला तारेची चाकंच शोभतात, यात शंका नाही. पण तारेच्या चाकात सहसा ट्यूब असते. ट्यूब पंक्चर झाली की हवा भसकन जाते, मग चाक काढायचं, टायर सोडवायचा, पॅच मारायचा. तेही जवळ पंक्चरवाला असेल तर. अलॉय चाकाच्या ट्यूबलेस टायरात खिळा रुतला तर हवा हळूहळू उतरते; सळईने छिद्र साफ करून डिंक लावलेली वात ठोसली की दहा मिनिटांत निघता येतं, आणि हे काम चाक न काढता होतं. संध्याकाळी सात वाजता मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे उसाच्या फडांमधून एकटीने जाणाऱ्या बाईसाठी हा शोभेचा प्रश्न राहत नाही. तारा मनातून काढून टाकल्या. त्याचं अजूनही थोडं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट किक. या नव्या गाड्यांना किकच नाही. पेट्रोल इंजेक्शनने जातं, त्यासाठी टाकीतला पंप विजेवर चालतो, आणि बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही फायदा होत नाही. मला ही फार मोठी उणीव वाटत होती. मिस्त्री म्हणाले, "किक न्हाई म्हणून घाबरू नका. बॅटरी एकदम मरत न्हाई, आठ दिस आधी सांगती. सकाळी स्टार्टर आळसला, की समजायचं." ते पटलं. मल्टिमीटर माझ्याकडे होताच. महिन्यातून एकदा व्होल्टेज लिहून ठेवणं हे माझ्याच्याने होणारं काम आहे.

चालवून बघायला मी प्रत्येक गाडी पन्हाळ्याच्या वाटेवर न्यायचा आग्रह धरला. एका शोरूममध्ये मला विचारण्यात आलं, "सर येणार आहेत का चालवायला?" मी सांगितलं, चालवणारी मीच आहे, गिअरच्या गाडीचं लायसन्स कॉलेजात असल्यापासून आहे. तरीही मला फक्त शोरूमच्या मागच्या गल्लीत, त्यांचा माणूस मागे बसवून दोन फेऱ्या मारू दिल्या. दोन-सव्वादोन लाखांची वस्तू घेणाऱ्या बाईला असं वागवलं जाऊ नये, एवढंच म्हणते. बाकीच्यांनी मात्र मोकळेपणाने गाडी दिली.

वाघबीळपर्यंत सरळ आणि तिथून वर चढण. चढणीवर मी मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये वेग पार उतरू द्यायची आणि मग मूठ पिळायची. गाडी कुरकुरते की ओढते ते तिथं कळतं. वर पोचल्यावर गाडी बंद करून दहा मिनिटं थांबायचं, गरम इंजिन पहिल्या बटणात चालू होतं का बघायचं. उतरताना पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा लावून बघायचा. आणि शेवटी मी जे करायची ते बघून शोरूमची मुलं बुचकळ्यात पडायची. गाडी न्यूट्रल करून, बाजूला उभी राहून, किंचित चढावर एकटीने मागे ढकलायची. मग मेन स्टँडवर चढवायची आणि उतरवायची.

कारण क्लासिकचं वजन 195 किलो आहे. सीट 805 मिलिमीटर. चालत असताना हे वजन फायद्याचं, ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलत नाही. पण उभी असताना, ओल्या मातीत, पाय घसरला तर ते सावरणारी मी एकटी. माझ्याच्याने उचलली जात नसेल अशी गाडी माझ्यासाठी भरवशाची कशी म्हणायची? पहिल्या दिवशी मेन स्टँड लागला नाही. हातांनी ओढत होते. मिस्त्रींनी दाखवलं, हात फक्त तोल धरायला, सगळं वजन उजव्या टाचेवर द्यायचं आणि गाडीला आपण होऊन मागे येऊ द्यायचं. तरफेचा नियम. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी अलगद वर बसली. मग त्यांनीच पोती अंथरून त्यांच्या ओळखीतली एक जुनी गाडी आडवी केली आणि ती पाठीने, गुडघ्यांच्या जोरावर कशी उभी करायची ते शिकवलं. दोन्ही चाकांच्या मध्ये पाठमोरं बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या पकडीला, आणि पाठ न वाकवता पायांनी उठायचं. जमलं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, पण भीती गेली.

मिस्त्रींचा आणखी एक सल्ला होता, तो मला मोलाचा वाटला. नवं मॉडेल पहिल्या वर्षात घेऊ नका. नव्या क्लासिकच्याच 26,300 गाड्या डिसेंबर 2021मध्ये कंपनीने ब्रेकशी संबंधित एका ब्रॅकेटसाठी परत बोलावून तपासल्या होत्या. पण परत बोलावलं म्हणून गाडी वाईट, असं नसतं. दोष सापडला, कबूल केला आणि पुढच्या गाड्यांत सुधारला, असाही त्याचा अर्थ असतो. 2025मध्ये घेणाऱ्याला चार वर्षं रस्त्यावर घासून निघालेली गाडी मिळते.

ऑगस्टपर्यंत माझं मन बनलं होतं. हाइनेस चालवायला हलकी, क्लासिक माझ्या दोन्ही गावांतल्या काउंटरवर आणि मिस्त्र्यांच्या हातात जास्त रुळलेली. शेवटी मी क्लासिक निवडली, अलॉय चाकांची. ज्याच्या गावात वेगळं चित्र असेल त्याने वेगळी निवडावी; माझ्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला मी स्वतः होंडा घ्यायला लावली, कारण तो रोज शहरातच फिरतो आणि त्याचा गुडघा दुखतो.

पैसे भरणार तेवढ्यात जीएसटी कमी होणार असल्याची बातमी आली. 3 सप्टेंबरला निर्णय झाला आणि 22 सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी, 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28वरून 18 टक्क्यांवर आला. त्यापुढच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. थांबले ते बरं झालं. मात्र सगळेच थांबले होते, त्यामुळे दसऱ्याला गाडी हवी म्हणून गर्दी उसळली. गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी मी ती दिवसाउजेडी बघायला मागितली. चासीवरचा नंबर कागदाशी ताडला, कोणत्या महिन्यात तयार झाली ते बघितलं, नटांवर गंज आहे का बघितलं, बॅटरीला मीटर लावला. 12.7. पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचा कागद नीट वाचून घेतला. 2 ऑक्टोबरला, दसऱ्याला, झेंडूचा हार घालून गाडी घरी आली. अंबाबाईच्या दर्शनाला मात्र चालतच गेले, त्या गर्दीत गाडी नेण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी गारगोटीला निघाले. सुरुवातीचे 500 किलोमीटर मूठ जपून पिळायची असते, त्यामुळे पन्नासच्या वर गेले नाही. बिद्रीच्या अलीकडे एक लांबलचक खड्डा आहे, स्कूटरला तो चुकवताच येत नसे. मोठं पुढचं चाक त्यातून वर आलं आणि पाठीला फक्त एक दबका झोका बसला. पुढे पाच-सहा किलोमीटर मी मोठ्याने गात होते.

दारात गाडी लावली. आई निरांजन घेऊन आली. आबा काठी टेकत उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, कुणालाही काही न बोलता सिलिंडरच्या पात्यांजवळ तळहात नेला.

"गरम आहे."

"आबा, पन्नास किलोमीटर आले मी."

"हं." मग ते पायरीवर बसले, म्हणाले, "हत्यारांची पिशवी कुठं असते यात?" मी बाजूचं कव्हर उघडून दिली. त्यांनी एकेक पाना काढून पायरीवर ओळीने मांडला, मागच्या चाकाच्या नटाला कोणता लागतो ते लावून बघितलं आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगं, ते जुनं पोतं कुठं ठेवलंयस? उद्या रविवार आहे."